निरंक

तक्रार एका ओळीची होती:
चहात पांढरं पडतं.
खाली सही, मोगल, टपरीवाले,
अंबड, शेवटची गल्ली,
जिथून पांडवलेण्यांचा डोंगर
दोन पत्र्यांच्या फटीतून दिसतो.

जायच्या आधी फाईल चाळली.
अहिरराव चॉक. साचे सहा. भट्टी नाही, बॉयलर नाही.
मंडळाच्या रंगपेटीत लाल आहे, नारिंगी आहे, हिरवा आहे,
आणि सगळ्यात तळाशी, फारसा न उगाळलेला, पांढरा.
पांढऱ्याला परवाना लागत नाही.
नुसतं कळवायचं
आणि आपल्या कामाला लागायचं.

निंबा अहिरराव दारातच उभे.
कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव.
"साहेब, आपल्याला सूट आहे ना?"
सूट हा शब्द त्यांनी असा उच्चारला
जसा दिवाळीत मेनरोडला
काचेवर लाल रंगानं लिहितात.

आहे, म्हटलं.
आणि ती असावी असंच मला वाटतं, अजूनही.
मी ते दिवस पाहिलेत
जेव्हा एवढ्याशा शेडवाल्याला
उद्योग भवनाचे जिने चढत
तीन-तीन महिने हेलपाटे पडायचे,
आणि ज्याच्याकडे धूरच नाही
त्याच्या डोक्यातून धूर निघायचा.

आत प्लास्टर ऑफ पॅरिसचं पोतं उघडं.
मालन पगारे घमेल्यात पाणी ओतून ढवळत होती,
घाईघाईनं, कारण घट्ट व्हायच्या आत
ते साच्यात जायला हवं.
पापण्या पांढऱ्या. भुवया पांढऱ्या.
वय विचारलं तर एकतीस.

फॉर्म काढला.
धुराडं? नाही.
इंधन? ऊन.
(हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.)
सांडपाणी? घमेलं धुतात तेवढंच.
हवेत उत्सर्जन?

वर पाहिलं. पत्र्याच्या भोकातून
उन्हाची काठी तिरपी उतरली होती
आणि तिच्यात काहीतरी सावकाश फिरत होतं,
खाली यायची अजिबात घाई नसलेलं.
मी लिहिलं: निरंक.

खोटं नव्हतं ते.
रकाना धुराड्यासाठी छापलेला.
धुराडं नव्हतं.

मालन खोकली. तोंडावरचा पदर जरा खाली घेत म्हणाली,
"तुम्ही यायचे म्हणून सकाळीच झाडलंय सगळं."
कुठे झाडलं?
तिनं दाराकडे हात केला.
दारात कडुनिंब, एकाच बाजूनं हिरवा.
पलीकडे टपरी.

खोकला आमच्याकडे येत नाही.
तो कारखाने निरीक्षकाकडे जातो,
आणि माणसं पुरेशी नसली
की तिकडेही जात नाही.
इथे चौघं, निंबाभाऊंना धरून.

मी म्हटलं, झाडायच्या आधी पाणी शिंपडा,
दाराला ओलं गोणपाट लावा,
नाकाला फडकं, पदर नको, दुहेरी फडकं.
निंबाभाऊ म्हणाले, "लिहून देता?"
आता सूट मिळालेल्या माणसाला
अट लिहायची कुठल्या कागदावर?
तसा नमुनाच नाही आमच्याकडे.
खिशात पेट्रोलची पावती होती,
तिच्या पाठीवर लिहिलं.
शाई फुटली.
मालननं ती डोळ्यांजवळ धरून वाचली
आणि मोडका खडू उचलून
पत्र्याच्या भिंतीवर उतरवून घेतली:
पाणी. गोनपाट. फडकं दुहेरी.
ण चुकला. मी बोललो नाही.

टपरीवर मोगलांनी ग्लास पुढे केला.
"काय झालं मग?"
सूट आहे त्यांना.
"आणि मला?"

बुटांचे पांढरे ठसे
शेडपासून बाकड्यापर्यंत आले होते, माझेच.
चहावर साय धरली होती,
साय असावी.
फुंकर मारली. बाजूला झाली, परत आली.
मोगल बघत होते.
प्यायलो.
साखर जास्त होती.