ळ

राणीपुऱ्यात, गॅसच्या निळ्या जिभेपाशी
सिराज उस्ताद काच वाकवायचे.
दातात रबरी नळी, गालात मापून धरलेला श्वास.
फुंकर कमी पडली की काच चेपते,
जास्त झाली की फुगते.
अक्षरं उलटी काढायची, खडूनं, पत्र्यावर.

माझं काम काळं करायचं.
एका अक्षरातून पुढच्यात जाताना
उजेड ज्या वाटेनं जातो
ती लोकांना दिसू नये, म्हणून
तिच्यावर रंगाचे दोन हात.
साडी आणि सेंटरच्या मधली वाट,
नमकीनच्या न मधून म मध्ये उतरणारी.
सतरा वर्षं मी इंदूरचा
न वाचायचा भाग रंगवला.

मग खजुरी बाजारातले मुळे आले, चष्मेवाले.
त्यांच्या जुन्या पाटीवर पेंटरनं 'मुले' लिहिलेलं.
पोस्टमन मुले म्हणायचा, बँकही.
म्हणाले, पैसे वाढवून घ्या,
पण माझं अक्षर मला द्या.

उस्तादांनी उभ्या जन्मात ळ वाकवला नव्हता.
कुणी मागितलाच नव्हता.
मी खडूनं काढून दाखवला, सवयीनं उलटा,
तरी जवळजवळ तसाच.
मान तिरकी करून ते बघत राहिले.
"अबे, ये तो चश्मा है!"

दोन तुटले.
तिसऱ्यात पाऱ्याचा थेंब नीट फिरला
आणि एवढ्या बाजारात
एक निळा ळ डोळे उघडून बसला.
सराफ्यातून गराडू खाऊन परतणारे
त्याच्या उजेडात बोटं पुसायचे.
हिंदी शाळेतली पोरं विचारायची, हे काय लिहिलंय?
आईबाप काहीतरी सांगून द्यायचे.
रिक्षावाले तर सरळ: "चश्मे पे उतरोगे?"

आता रस्ताभर एका मापाच्या पाट्या,
एकाच कारखान्यातले पांढरे ठिपके.
उजेड भरपूर.
दुकान मुळ्यांच्या मुलाचं, नाव इंग्रजीत.
त्या स्पेलिंगचा अर्थ खेचर होतो.
मी बोललो नाही.

उतरवताना म फुटला.
ळ मी टॉवेलात गुंडाळून खजराण्याला नेला.
उस्तादांना आता दिसत नाही.
त्यांनी दोन्ही वेढ्यांवरून बोट फिरवलं,
ओळखलं, हसले,
मग टोकाशी उरलेल्या काळ्या तुकड्यावर थांबले,
नखानं खरवडलं.
"यहाँ तूने एक ही हाथ मारा था."