डब्याचं वजन

डबा सकाळी भरलेला येतो, संध्याकाळी रिकामा जातो.
उदारामकाकांचा उलटा होता.

पंधरा दिवस मी बोललो नाही, फक्त वजन केलं.
काका नळावर हात धुवायला गेले की पिशवी काट्यावर.
सकाळी सातशे चाळीस : पोळ्या, वांग्याची भाजी, एक कांदा.
संध्याकाळी आठशे पंचवीस.
पोळ्या खाऊन माणसाचं वजन वाढतं,
डब्याचं कसं वाढेल?

मे महिना. पाचपावलीच्या पुलाजवळ आमचं रिवाइंडिंगचं दुकान,
बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि अर्धं नागपूर
जळालेले कूलरपंप पिशवीत घालून दारात :
'आजच द्या न भाऊ, घरी लहान लेकरू आहे.'
वार्निशचा वास, भट्टीची धग,
आणि डोक्यावर एक बंद पंखा
जो भरायला आम्हालाच वेळ नाही.

त्या दिवशी शटर अर्धं ओढलं.
डबा मीच उघडला.
खालच्या पुडात, पोळीच्या फडक्यात बांधलेलं
जळकं तांबं. काळं, वेटोळं,
फणीतून काढलेल्या गुंतवळासारखं.

मी भाषण पाठ केलं होतं.
विश्वास, खाल्लेलं मीठ, बाबांचा फोटो, मग पोलीस ठाणं,
सगळं क्रमानं.
तोंडातून निघालं एवढंच :
'काहून, काका?'

बायको आजारी आहे, असं ते म्हणाले नाहीत.
नातवाची फी, असंही नाही.
(दोन्हींची उत्तरं मी तयार ठेवली होती.)
म्हणाले, 'नव्या तारेला हात नाही लावला कधी.
एकाही मोटरीत एक वेढा कमी नाही भरला.'
मग फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधत,
'अन् हे जळकं कोनाचं असते, गुड्डू?'

जळकं तांबं गिऱ्हाइकाचं असतं.
आमच्या पावतीपुस्तकात त्याला रकाना नाही,
बाबांच्या काळापासून नाही.
गिऱ्हाईक विचारत नाही, आपण सांगत नाही,
पोत्यात साठत जातं, दिवाळीआधी भंगारवाला येतो.
आमच्या घराचा वरचा मजला
त्याच पोत्यांवर उभा आहे.

'माझं,' मी म्हणालो.
गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

ठाण्यात गेलो नाही. पगार कापला नाही.
'उद्या वेळेवर या,' म्हणालो,
आणि मोठ्या मनाचा होऊन घरी गेलो.
बायको म्हणाली, बरं केलं.
मग भाकरी उलटता उलटता,
'त्यांचा पगार शेवटचा कधी वाढवला होता हो?'
मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.

दुसऱ्या दिवशी काका आले, दहाला पाच कमी असताना.
तेच स्टूल, तोच चष्मा दोरीने बांधलेला,
तीच मोठ्याने मोजणी :
एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी.
शंभरापुढचे आकडे मी शाळेत नाही शिकलो,
ह्या आवाजाशेजारी बसून शिकलो.

संध्याकाळी हात धुतले,
डबा आणून काट्यावर ठेवला.
झाकण काढून, दोन्ही पुडं वेगळी करून.
'पाहून घ्या, शेठ.'

शेठ.
माझं नाक पुसलेला माणूस.

तेव्हापासून रोज.
गिऱ्हाईक उभं असलं तरी.
'राहू द्या न काका,' मी म्हणतो.
'नाही, पाहून घ्या.'
मी लाल आकड्यांकडे पाहतो :
तीनशे ऐंशी. धुतलेल्या, रिकाम्या डब्याचे.
कोपऱ्यात पोतं आहे.
ते मी काट्यावर ठेवलेलं नाही.

काल एक बाई पंप घेऊन आली, टेकानाक्याची.
भाव विचारला, घासाघीस केली, पावती वाचली.
जाता जाता वळून म्हणाली,
'भाऊ, आतली जुनी तार परत देता का?'

मागे मोजणी चालू होती.
एकशे सत्तावीस,
एकशे अठ्ठावीस,

आणि थांबली.