दोनशे बाराचा रकाना

मे महिन्यात गाडी थांबवून शहरातली माणसं सांगतात,
बाई, तुमच्या मेंढ्यांना काहीतरी झालंय.
झालंय खरं. मानेखालून, पोटाकडून
लोकर सुटत चाललीय लक्तरांनी,
पाठीवर एक मळकं घोंगडं लोंबतंय,
ते तारेत अडकलं की मेंढी तशीच पुढे जाते,
मागे वळूनही बघत नाही.
डोमकावळे पाठीवर बसून चोचीचोचीनं घरटं नेतात.
मी म्हणते, आजार नाही हो, जातच तशी.
कात टाकतात. जरा थांबा, जूनमध्ये या,
आखूड केसांची, लख्ख, नवी मेंढी दिसेल.
ते थांबत नाहीत. वेल्सच्या डोंगरात सगळ्यांनाच पुढे जायचं असतं.

ज्या वर्षी कातरणाऱ्याला दिले त्याहून कमी
लोकरीचे आले, त्या वर्षी गेथिन म्हणाला, पुरे.
अँगलसीहून मेंढा आणला.
त्याला शिंगं नव्हती, घमेंड होती.
गेथिन हल्ली दुधाचा टँकर चालवतो.
मेंढ्या माझ्याकडे, वही माझ्याकडे:
कानातला नंबर, वेत, कोकरं किती, जगली किती, खूर कसे,
आणि शेवटचा रकाना, झड. एक ते पाच.
दोन वर्षं तीनच्या खाली राहिली की बाजार.
नियम मीच केला. निळ्या शाईनं, पहिल्या पानावर.

दोनशे बारा.
एप्रिलच्या बर्फाळ पावसात, दगडी भिंतीच्या आडोशाला
दोनदा जुळी, एकदा तिळी व्यायली, मला न उठवता.
मी टॉर्च घेऊन पोचेपर्यंत
चाटून कोरडी केलेली, चीक प्यायलेली, शेपट्या हलवणारी.
दुसरीचं पोरकं कोकरूही हिनं हुंगलं
आणि काय हिशेब केला कोण जाणे, राहू दिलं.
पण झड? एक.
जूनमध्ये सगळा कळप उघडा, आणि ही
अख्खा हिवाळा अंगावर घेऊन उभी,
धापा टाकत, शेपटीशी हिरव्या माशा.

इद्वालला बोलवावं लागलं.
तोच, ज्याचं काम मी तोडलं.
माझ्यामागोमाग आणखी तीन शेतं सुटली, मग त्यानं मशीन विकलं.
त्यावर कधी बोलला नाही.
चॅपेलबाहेर भेटला तर हवापाण्याचं बोलतो.
आला तो हातकातर घेऊन, तेलकट फडक्यात गुंडाळलेली.
तिला ढुंगणावर बसवलं, गुडघ्यांत धरलं,
आणि चहाच्या कपाशी थरथरणारा हात
कातडीलगत गेल्यावर थरथरायचं विसरला.
अखंड उतरली लोकर. कुठे एक चीर नाही.
"विकत घेणार कोण," म्हणाला,
आणि दुमडून घेऊन गेला, लीकच्या वाफ्यावर अंथरायला.
पैसे?
"अंडी दे."

असे तीन जून झाले.
पहिल्या पानावरून मी बोट पटकन पुढे नेते.

ऑक्टोबर. हिचा नर बेचाळीस किलो भरला,
गुरुवारी ट्रेलरमध्ये चढेल, इतरांसारखाच.
त्याचं मी मनाला लावून घेत नाही.
किंवा घेते, आणि तरी फाटक उघडते.
प्रश्न मादीचा. ठेवायची का?
आईसारखे पाय, आईसारखी बघायची पद्धत,
आणि पुठ्ठ्यावर, खोगीर घातल्यासारखी,
दाट, चिवट, न सुटणारी.

इद्वाल कुंपणाला टेकलेला. मी काही विचारलं नव्हतं.
त्यानं वाकून अंगठ्यानं लोकर फाकवली,
मुळाशी बराच वेळ बघितलं,
आणि म्हणाला, "मेरेरिद,
जूनमध्ये मी मोकळाच असतो."

वही गाडीत राहिली होती.
मी आणायला गेले नाही लगेच.