पराचा कावळा

अ‍ॅम्बलच्या बंदरात, मासळीच्या शीतगृहामागे
माझी प्रयोगशाळा: दोन खोल्या, एक गळका नळ
आणि लिफाफ्यांत आयडर बदकांची पिसं.
पिसात पारा किती उतरतो, एवढंच मी मोजते.

गेल्या वर्षी न्यूकॅसलहून एक मुलगा आला होता.
अकरा मिनिटं बसला, त्यातली चार फोनवर.
सोमवारी मथळा: विषारी बदकं.
बदकं शिंपले खातात; तेवढ्यावरून
शिंपल्यांचं दुकान दीड महिना ओस पडलं,
आणि दुकानवाला रॉबसन
मला पाहून रस्ता ओलांडू लागला.
मी 'कदाचित' तीनदा म्हणाले होते.
तिन्ही वाटेत कुठे सांडले, कोण जाणे.

म्हणून डोरीन चार्लटनचा फोन आला तेव्हा
मी ताकास तूर लागू दिली नाही.
ती तरीही आली. चिखलाचे बूट दारात काढून.
साठीची, इथल्याच साप्ताहिकाची, पेन्सिलवाली.
पहिला प्रश्न: "आडनाव कसं म्हणायचं?"
वाळिंबे.
ळ तिच्या जिभेवरून चारदा घसरला,
पाचव्यांदा टाळूला टेकला.
एकोणीस वर्षांत या देशात
त्या ळ साठी कोणी एवढी खटपट केली नव्हती.

मग मी सुरू झाले.
नॅनोग्रॅम, प्रमाण विचलन, त्रुटीच्या मर्यादा,
चाळीस मिनिटं, श्वास न घेता.
तिने पेन्सिल खाली ठेवली.
"हे तुम्ही मला सांगताय,
की तुमच्या चुका काढणाऱ्यांना?"
नळ टपकत राहिला.
खरंच होतं. खोलीत नसलेल्या माणसांशी
मी केव्हाची बोलत होते.

तिच्या हातात एक पीस दिलं.
म्हटलं, पीस वाढतं तेव्हा त्यात रक्त येतं,
रक्तात जे असेल ते पिसात उतरतं.
वाढ संपली की दार बंद.
एका उन्हाळ्याची नोंदवही आहे ही.
शिंपले खावेत की नाही, ते हिच्यात लिहिलेलं नाही.

"आता मी सांगते. चुकले तर थांबवा."
मी तिला दोनदा थांबवलं.
तिने मला एकदा:
"कागदावर एकेचाळीस, आणि लिफाफे सत्तेचाळीस?"
मोजले. तिचं बरोबर.
माझे कान तापले.

"तुमचं म्हणणं कोणाला पटणार नाही?"
डंडीच्या मक्रेचा नंबर दिला, स्वतःच्या हाताने लिहून.
तो म्हणेल, नमुना तुटपुंजा.
म्हणू दे. आहेच.

निघताना मी तिला पराचा कावळा समजावला.
हसली, वहीत उतरवून घेतला.
"आमच्याकडे मथळे लावतो तो स्टुअर्ट,
त्याच्यापाशी थवाच आहे."
लेख आधी दाखवणार नाही, हेही सरळ सांगितलं,
पण तुमची वाक्यं, तुमचे आकडे
बुधवारी फोनवर वाचून दाखवेन.

वाचले.
एका वाक्यात मी माझा 'कदाचित' परत मागितला.
"वाक्य लंगडतंय त्याने."
"लंगडू दे. मीही लंगडतच पोचलेय तिथवर."
बराच वेळ पेन्सिल कागदावर आपटल्याचा आवाज.
मग ठेवला तिने.

सातव्या पानावर, जुन्या लॉनमोअरच्या जाहिरातीशेजारी.
मथळा स्टुअर्टचाच, तिरपागडा.
पण कावळा नव्हे. फार तर चिमणी.

शनिवारी दारात रॉबसन.
तंबाखूच्या डबीत एक तपकिरी पीस.
"अठ्ठेचाळिसावं," म्हणाला, दुसरीकडे बघत.
जागा नाही, तारीख नाही,
असलं पीस मोजणीत धरता येत नाही,
हे मी लगेच सांगणार होते.
खुर्ची पुढे केली.
डोरीन विसरून गेलेली पेन्सिल शोधली.
"कुठे सापडलं?
सावकाश सांगा."