शिल्लक

मी नोंदवही लिहितो.
एकतीस वर्षं कारखान्यात नटबोल्ट मोजले,
आता भात मोजतो.
गुलटेकडीच्या गोदामात दिवसा बटाट्याची पोती उतरतात,
रात्री आमची पातेली.
एक वजनकाटा, एक पंखा,
आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
ज्यावर द्वारकाबाई अजून दुधाचा हिशेब लिहितात.

साडेदहाला फोन येतो. कर्वेनगरचं कार्यालय.
तीनशे पानं धरली होती, दोनशेदहा उठली.
"लवकर या हो, हॉल रिकामा करायचाय."
अन्वर शिकलगार टेम्पोला किल्ली लावतो,
टेम्पो खोकतो, मग ऐकतो.

मांडवात पोरं दिव्यांच्या माळा उतरवतायत,
वरमाई अजून कुणावर तरी रुसलेली.
द्वारकाबाई झाकण काढतात, वाकतात,
शेजारणीचं गुपित ऐकावं तसा
डोळे मिटून वास घेतात.
मसालेभात: घ्या.
अळूचं फदफदं: घ्या, पण आधी तेच वाढा.
बासुंदी: नको.
आचारी तडकतो, "अहो, संध्याकाळी आटवलीय!"
"मग घरी न्या. पोरांना द्या."
आचारी पंचाने मान पुसत राहतो.

मी लिहितो: भात, एकोणीस किलो. वेळ, अकरा दहा.
बासुंदीसाठी रकाना नाही.

ससूनच्या भिंतीलगत माणसं वर्तमानपत्रावर झोपलेली,
उशाला औषधांच्या पिशव्या, एक्स-रेची पाकिटं.
इंदापूरकडचा एक जण उठून बसतो.
वडील आत, तिसऱ्या मजल्यावर.
दोन दिवस चहावर असावा, ओठांवरून कळतं.
ताटलीकडे बघतो, हात पुढे करत नाही.
"उष्टं नाही ना?"

अन्वर माझ्याकडे बघतो, मी वहीकडे.
उरलेलं, शिळं, उष्टं:
तीन शब्द, आणि तिन्हींच्या मधे
माणसाची सगळी इभ्रत.
सांगणार काय? पावती दाखवू?

द्वारकाबाईंनी पळीभर भात
ओठांपासून लांब धरून स्वतःच्या तळहातावर घेतला,
त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या
आणि खाऊ लागल्या. सावकाश.
"मीठ जरा कमी पडलंय," म्हणाल्या.
मग तो जेवला.
आधी डब्यात काढून ठेवलं, वडिलांसाठी,
डॉक्टर देऊ देतील न देतील,
मग जेवला, आणि म्हणाला,
"नाही हो. मीठ बरोबर आहे."

असंच सगळं नसतं.
परवा वाघोलीच्या पुढे, बारा मजली सांगाड्याखाली,
पत्र्याच्या खोल्यांतून रांग निघाली
ती आम्ही धरलेल्या अंदाजाहून लांब.
गावाकडून नवी टोळी आली होती, त्याच दुपारी.
आम्ही वाढणी बारीक केली. मग आणखी बारीक.
मग पळी पातेल्याच्या बुडाला घासली,
आणि तो आवाज रांगेच्या टोकापर्यंत
सगळ्यांना ओळखीचा होता.
कुणी ओरडलं नाही.
एका बाईने पोराची ताटली
पदराने पुसून परत आत नेली.
कोरडीच होती ती.

चाळीसेक जण राहिले.
परतताना अन्वरने रेडिओ लावला नाही.
नगर रोडच्या एका मोठ्या हॉटेलबाहेर
कचऱ्याच्या डब्याभोवती कुत्री होती,
द्वारकाबाई म्हणाल्या, "हळू घे जरा,"
आणि त्या हॉटेलचं नाव मला लिहून घ्यायला लावलं.
सकाळी स्वतः जाणार होत्या.

महिनाअखेरीस ऑफिसातली मुलगी वही तपासते,
हुशार आहे, मनापासून काम करते.
शेवटच्या रकान्यावर तिचं बोट थांबतं.
"शिल्लक शून्य! काका, काहीच वाया गेलं नाही!"
सगळ्या पानांवर तोच गोल आकडा.
ससूनच्या रात्रीचा, आणि वाघोलीच्याही.
कुठला कुठला ते वहीत दिसत नाही.

मी पट्टी घेतो.
त्या रकान्याच्या उजवीकडे, समासात,
पेन्सिलने एक उभी रेघ ओढतो,
वर लिहितो: राहिलेले.
खाली: चाळीस. अंदाजे.
अंदाजे खोडतो.

साडेदहा वाजत आलेत.
अन्वर टायरला लाथ मारून बघतोय,
बाई पातेली विसळतायत,
आणि हॉटेलवाला, ऐकतोय म्हणे,
आज फोन करणार आहे.