फळीचा ठसा

गावातलं शेवटचं लाकडी धान्यकोठार पाडलं
त्या संध्याकाळी वर्ना हॅल्व्हर्सन एक फळी घेऊन आली,
पिकअपच्या मागे, ब्लँकेटात गुंडाळून,
आजारी माणूस आणावा तशी.

"हिच्यासारख्या फरश्या पाड. चाळीस.
मागच्या दारापासून शेडपर्यंत."

फळीवर रबर ओतलं. दुसऱ्या दिवशी सोललं
तर रेषा न् रेषा उतरलेली, गाठीसुद्धा,
आणि एक खिळ्याचं भोक.
"हे बुजवू?"
तिने नुसतं बघितलं.

सिमेंट कुणासाठी थांबत नाही.
घाई केली तर ठशाचा चिखल होतो,
उशीर झाला की दगड ऐकून घेत नाही.
मधे वीसेक मिनिटं. अंगठा टेकवायचा;
बोटाला काही चिकटलं नाही, खूण मात्र राहिली,
की रबरावर उभं राहायचं
सगळ्या वजनानिशी.
माझा अंगठा त्या रेषांखाली बुजला,
चाळीस वेळा.

ऑक्टोबरात फरश्या बसवल्या.
सस्कॅचवानचा वारा आता सरळ येतो,
अडवायला कोठार नाही.

पहिल्या बर्फाआधी तिचा फोन:
"भोकांत पाणी गोठलंय, ओरेस्त.
खिळ्यांची डोकी चमकतायत."