हातचा

कायानी गाव, जानेवारी, रात्रीचे पावणेतीन.
बाहेर उणे एकतीस.
स्प्रूसच्या फांद्यांवर बर्फ इतका साचलाय
की झाडं वाकून तारांच्या कानाशी लागलीत.

तुइरेच्या पडद्यावर मात्र सगळं सडपातळ:
एक उपकेंद्र, त्यातून निघालेला फीडर,
फीडरला फाटे, फाट्यांना फाटे,
आणि टोकाला ठिपके. ठिपके म्हणजे घरं.

हिशेब माझा आहे.
आधी टोकांकडून मुळाकडे यायचं
प्रत्येक फाट्यावर प्रवाहांची बेरीज करत,
मग मुळाकडून टोकांकडे जायचं
तारेतारेत थोडं थोडं व्होल्टेज सांडत.
पुन्हा यायचं. पुन्हा जायचं.
चार-पाच खेपांत आकडे हलायचे थांबतात.
त्याला आम्ही उत्तर म्हणतो.

जिथे मीटर बोलत नाही तिथे अंदाज भरतो:
शाळा इतकी, गोठा इतका,
उन्हाळी झोपडी, हिवाळ्यात: शून्य.

आज ताळा जमेना.
फाट्यावरचा सेन्सर म्हणतो, पावणेदोन किलोवॅट पुढे गेले.
पुढे तर फक्त ठिपका चारशे सतरा,
आणि तो शून्य.
प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं:
फरक मोठा, सबब माप खराब, सबब वगळा.
'खराब माप' हे नावही मीच ठेवलेलं.

मग त्याने सुचवलं,
झाड पडायच्या आत हा फाटा तोडा,
बाकीची गावं दुसऱ्या बाजूने जोडून घ्या.
बाधित ग्राहक: शून्य.
हिरव्या अक्षरांत.

तुइरेचं बोट माउसवर होतं. तिने ते उचललं.
'हे बघ, वीस मिनिटं वर, वीस मिनिटं खाली.'
मी म्हणालो, गोंगाट असेल.
'गोंगाटाला थर्मोस्टॅट नसतो,' ती म्हणाली,
आणि आहतीला झोपेतून उठवलं.

स्नो-स्कूटरने एक तास दहा मिनिटं.
मग फोनवर त्याचा गोठलेला आवाज:
'इथे ओइवा सार्किनेन आहेत. वय ब्याऐंशी.
मुलाच्या फ्लॅटमधून नोव्हेंबरातच निघून आलेत.
कुणाला सांगितलं नाही म्हणे, कुणी विचारलंही नाही.
एकच हीटर आहे. मला कॉफी देतायत.
विचारतायत, तुम्हाला कसं कळलं?'

तुइरेने फोन माझ्याकडे सरकवला.
मी काही बोललो नाही.

सहा वाजता जनरेटर पोचला, मग फाटा तोडला.
झाड पडलंच नाही, हेही सांगायला हवं.

पाटीवर शिकलो होतो ते इतकंच:
हातचा विसरलात
तर चूक दिसते ती पुढच्या घरात.

दुपारी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली:
वगळण्यापूर्वी विचारा.
कुणाला,
ते अजून लिहिता आलेलं नाही.